मंडळाचे दप्तर सर्व्हरवर ठेवताना



आपल्यासारख्या मंडळांकडे पैसा थोडा आणि कागद फार असतात. घटना आणि तिच्यातल्या दुरुस्त्या, सभांची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, स्मरणिकेचे लेख, सभासदांची यादी, वधू-वर सूची. पूर्वी हे सगळे लोखंडी कपाटात असे. आता ते कुणाच्या लॅपटॉपवर, कुणाच्या ईमेलमध्ये आणि बरेचसे व्हॉट्सॲपवर असते. एकाच मजकुराच्या ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरी’ अशा तीन-चार फाइली फिरतात. कार्यकारिणी बदलली की त्यांतली सभेने मान्य केलेली फाइल कोणती, हे सांगणारा माणूसही बदललेला असतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हीच अडचण फार पूर्वी आली आणि त्यांनी तिच्यावर उपाय शोधला. त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, आणि नोंदी ज्यात साठतात त्याला रिपॉझिटरी. आपल्याकडे यासाठी जुना आणि चपखल शब्द आहे, दप्तर. पुण्याचे पेशवे दप्तर आपण सगळे ऐकून आहोत. असे दप्तर संगणकावर कसे चालते, ते वेब सर्व्हरवर कसे ठेवतात आणि ठेवण्यापूर्वी मंडळाने काय ठरवून घ्यावे, हे या लेखात सांगतो. मी संगणकाचा पदवीधर नाही, बी.कॉम. आहे. त्यामुळे उदाहरणे बँकेतली येतील, ती चालवून घ्यावीत.

खाडाखोड नसलेले पुस्तक

बँकेत एक नियम पहिल्या दिवशी शिकवत. चुकीची नोंद खोडायची नाही, उलट नोंद करून दुरुस्त करायची. त्यामुळे पुस्तक वाचणाऱ्याला चूकही दिसते आणि दुरुस्तीही. व्हर्जन कंट्रोल याच नियमावर चालते. मजकुरात बदल केला की त्याची नोंद करायची, तिला कमिट म्हणतात. तिच्यात कुणी बदल केला, कधी केला, नेमक्या कोणत्या ओळी बदलल्या आणि का बदलल्या, हे सगळे राहते. ‘का’ हा रकाना माणसाने लिहायचा असतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. ‘कलम ७ मध्ये दुरुस्ती, सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार’ एवढे एक वाक्य दहा वर्षांनी वाद मिटवू शकते.

हे तुम्ही पाहिलेले आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. त्याच्या कोणत्याही लेखावर ‘इतिहास पहा’ असा दुवा असतो. तो दाबला की त्या लेखात आजवर झालेला प्रत्येक बदल तारखेसह दिसतो आणि कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी ठेवून ताडता येतात. आपल्या घटनेलाही असा ‘इतिहास’ दुवा असावा, एवढीच कल्पना आहे.

या कामाची आज सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतली. लिनक्सचे काम तोपर्यंत बिटकीपर नावाच्या एका कंपनीच्या प्रणालीवर चाले. तिची मोफत सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा त्यांनी स्वतःचीच प्रणाली उभी केली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिची देखभाल जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. प्रणाली मोफत आहे, तिचा परवानाही मुक्त आहे.

गिटची दोन वैशिष्ट्ये आपल्या कामाची आहेत. पहिले असे की प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांचा एक ठसा मिळतो. तो त्या नोंदीच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या ठशावरून गणिताने काढलेला असतो. खतावणीत मागच्या पानाची बाकी पुढे ओढतात, तसे हे आहे. मधल्या एखाद्या जुन्या पानावर कुणी गुपचूप आकडा बदलला तर पुढच्या प्रत्येक पानाची बाकी चुकते. इथेही जुनी नोंद बदलली तर तिच्यापुढचे सगळे ठसे बदलतात आणि ज्याच्याकडे मूळ प्रत आहे त्याला ते कळते.

दुसरे वैशिष्ट्य प्रतींचे. आधीच्या सबव्हर्जनसारख्या प्रणालींमध्ये संपूर्ण इतिहास मुख्य सर्व्हरवर असे आणि काम करणाऱ्याकडे फक्त ताजी प्रत. गिटमध्ये दप्तर उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाकडे सहसा पूर्ण इतिहास येतो. शाखेत एक लेजर आणि प्रत्येक अधिकाऱ्याच्या घरी त्याची हुबेहूब नक्कल, असा हा प्रकार आहे. याचा फायदा पुढे दिसेल आणि धोकाही.

पाटी बदलते, दप्तर टिकते

मग हे दप्तर ठेवायचे कुठे? सर्वांत सोपी वाट म्हणजे गिटहब किंवा गिटलॅबसारखी तयार सेवा. गिटहब २००८ साली सुरू झाले आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घेण्याचा व्यवहार साडेसात अब्ज डॉलरला ठरवला. तिथे खासगी दप्तरही आता विनामूल्य ठेवता येते. छोट्या मंडळाने सुरुवात इथून केली तर त्यात काही गैर नाही.

पण तयार सेवा म्हणजे भाड्याचा गाळा. छप्पन दुकानात गाळा घेतला तर गर्दी, रस्ता, दिवे सगळे आयते मिळते, पण जागा आपली नसते. गूगलची ‘गूगल कोड’ नावाची अशीच सेवा होती. मार्च २०१५ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. ‘गिटोरियस’ ही दुसरी सेवा २०१५ मध्येच गिटलॅबने घेतली आणि काही महिन्यांत मिटवली. इतक्या मोठ्या घराची सेवा बंद होऊ शकते, तर ‘ते कुठे जाणार आहेत’ असे धरून चालण्यात अर्थ नाही.

मराठीशी थेट संबंध असलेले एक उदाहरण घ्या. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांनी ‘लोहित’ हे फॉन्ट वापरलेले असतील. रेड हॅट कंपनीने ते भारतीय भाषांसाठी मुक्त परवान्याने दिले. लोहित म्हणजे तांबडा, नाव त्यावरूनच. मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या श्रीलिपीवाल्यांचे. २०११ मध्ये हे फॉन्ट खास फॉन्टसाठी असलेल्या ओपन फॉन्ट परवान्याखाली आणले गेले. या प्रकल्पाचे दप्तर ‘फेडोरा होस्टेड’ या ठिकाणी होते. २०१७ च्या सुरुवातीला ते ठिकाणच बंद झाले. तरी लोहित गेले नाही. त्याचे दप्तर ‘पागूर’ या नव्या ठिकाणी मिळते आणि गिटहबवरही. अक्षरांच्या दुरुस्त्यांचा इतिहास जुन्या पाटीबरोबर पुसला गेला नाही.

इंदूरकरांना हे समजायला सोपे आहे. २०१० मध्ये स्टेट बँक ऑफ इंदूर ही स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. पाटी उतरली, पण खात्यांच्या नोंदी पुढे चालू राहिल्या. कारण नोंदी पाटीवर नसतात, पुस्तकात असतात. मंडळाचे दप्तर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याचा हेतू हाच, की पुस्तक आपल्या ताब्यात असावे आणि पाटी केव्हाही बदलता यावी.

वेब सर्व्हरवर ठेवण्याच्या पद्धती

बऱ्याच मंडळांचे संकेतस्थळ आधीच कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर असते. त्याच सर्व्हरवर दप्तरही राहू शकते. सर्व्हरवरचे दप्तर ‘बेअर’ म्हणजे मोकळ्या स्वरूपाचे ठेवतात. त्यात उघडून वाचायच्या फाइली पसरलेल्या नसतात, फक्त नोंदींचा साठा असतो. काउंटरवर पसरलेले कागद वेगळे आणि स्ट्राँगरूममधले दप्तर वेगळे, तसे हे आहे. अशा फोल्डरच्या नावाच्या शेवटी ‘डॉट गिट’ लावण्याची प्रथा आहे. त्याच्याशी देवाणघेवाण करण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिली पद्धत एसएसएच. सर्व्हरवर ज्याचे खाते आहे तो आपल्या संगणकावरून सुरक्षित मार्गाने थेट आत जातो, नोंदी देतो आणि घेतो. दोन-चार जणांसाठी हीच सर्वांत साधी वाट, वेब सर्व्हरला हातही लावावा लागत नाही. तोटा असा की प्रत्येकाला सर्व्हरवर प्रवेश द्यावा लागतो. त्या प्रवेशाला फक्त गिटपुरती मर्यादा घालता येते आणि ती घालावीच.

दुसरी पद्धत साध्या वेबची. जाणकार तिला गमतीने ‘मठ्ठ’ पद्धत म्हणतात. वेब सर्व्हर दप्तरातल्या फाइली जशाच्या तशा वाटतो, त्याला गिट म्हणजे काय हे माहीत नसते. त्यामुळे वाचणाऱ्याला दप्तर उतरवून घेता येते, पण नोंद करता येत नाही. प्रत्येक नव्या नोंदीनंतर सर्व्हरवर एक छोटी यादी ताजी करावी लागते, नाहीतर वाचणाऱ्याला जुनेच दिसत राहते. हे काम आपोआप व्हावे म्हणून दप्तरात एक नमुना सूचना आधीच दिलेली असते, ती चालू करावी लागते. सर्वांसाठी खुल्या मजकुराला ही पद्धत पुरते.

तिसरी पद्धत ‘हुशार’ वेबची. २००९ च्या अखेरीस आलेल्या गिटच्या आवृत्तीपासून ती मिळते. यात वेब सर्व्हर गिटबरोबरच येणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामला मध्ये बसवतो. विनंती आली की वेब सर्व्हर नाव आणि पासवर्ड तपासतो आणि पुढचे काम तो प्रोग्राम करतो. यात दोन कुलपे मुळातच लावलेली आहेत. एक, दप्तरात ठरावीक नावाची एक चिठ्ठी ठेवल्याशिवाय ते दप्तर बाहेर दिसत नाही. दोन, वेब सर्व्हरने ओळख पटवल्याशिवाय कुणालाही नोंद करता येत नाही. नाव-पासवर्ड जायचा असल्याने पत्ता एचटीटीपीएसचाच हवा. त्यासाठीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था विनामूल्य देते. मात्र त्याची मुदत थोडी असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी.

या तिन्ही पद्धती हाताने मांडायच्या नसतील तर गिटी किंवा फोर्जेओ अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत. ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली की गिटहबसारखे पडदे, सभासदांची खाती आणि परवानग्या एकत्र मिळतात. आणि तुमचा सर्व्हर सीपॅनेलवर चालत असेल तर त्यात बहुधा गिटचा एक तयार विभागही सापडेल.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोंदीवर जे नाव येते ते करणाऱ्याने स्वतः आपल्या संगणकावर लिहिलेले असते. गिट ते तपासत नाही. कुणीही कुणाचेही नाव लिहू शकतो. सही पडताळण्याचे काम सर्व्हरचे आहे. म्हणून सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड देऊ नये. प्रत्येकाचे खाते वेगळे असेल तरच ‘कुणी’ या रकान्याला अर्थ राहतो.

दोघांच्या हातून

बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासून मंजूर करतो. गिटलॅब, गिटी वगैरेंमध्ये हीच सोय आहे. घटना किंवा इतिवृत्ताचा मसुदा एका वेगळ्या शाखेत तयार करायचा. शाखा म्हणजे मूळ मजकुराला धक्का न लावता बाजूला केलेले काम. मग दुसऱ्या पदाधिकाऱ्याने बदल ओळीनुसार वाचायचे, शंका तिथेच लिहायच्या, आणि पटले तरच ते मुख्य शाखेत मिळवायचे. मुख्य शाखेत कुणालाही थेट लिहिता येऊ नये, असा नियम सर्व्हरवर लावता येतो.

आणखी एक नियम आवश्यक आहे. गिटमध्ये सक्तीने जुना इतिहास दाबून नवा लादण्याची आज्ञा आहे. एकट्याने काम करणाऱ्याला ती कधी उपयोगी पडते, पण सार्वजनिक दप्तरात ती चालू देऊ नये. अशी सक्ती नाकारण्याचे सेटिंग सर्व्हरवर असते. पुस्तकात खाडाखोड नाही, हे वाक्य या सेटिंगमुळे खरे ठरते.

मराठी मजकुराच्या चार खास अडचणी

इंग्रजी पुस्तकांत या सहसा सापडत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

पहिली, जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीने टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतो. ती इंग्रजी अक्षरे असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. अशा फाइलीत काय बदलले ते गिट दाखवेल, पण वाचता येणार नाही. जुने अहवाल आधी युनिकोडमध्ये आणावेत आणि एकदा मुळाशी ताडून घ्यावेत.

दुसरी, वर्ड आणि एक्सेल. गिट या फाइली साठवते, पण त्यांतला फरक ओळीनुसार दाखवू शकत नाही. तिला त्या बंद पेट्या वाटतात. घटना, इतिवृत्ते, लेख साध्या मजकूर-फाइलीत ठेवले तरच ‘कोणती ओळ बदलली’ हे दिसते.

तिसरी, फाइलीचे नाव. नाव देवनागरीत दिले तर गिट ते सुरुवातीला आकड्यांच्या लांबलचक माळेसारखे दाखवते. फाइल बिघडलेली नसते. ‘कोट पाथ’ नावाचे एक सेटिंग बंद केले की नाव नीट दिसते.

चौथी सर्वांत मराठी. ‘तुमच्या घऱच्यांना’ असे चुकीचे टंकन सोडा, शुद्ध लिहिलेला ‘दुसऱ्या’ हा शब्दही युनिकोडमध्ये दोन-तीन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना तो एकसारखाच दिसतो. पण गिट अक्षरांमागचे क्रमांक पाहते, त्यामुळे कीबोर्ड बदलला की एकही शब्द न बदलता अर्धे पान ‘बदलले’ असे दिसू शकते. सगळ्यांनी एकाच प्रकारचा मराठी कीबोर्ड वापरावा, हा त्यावरचा साधा उपाय.

फोटो आणि ध्वनिचित्रफिती दप्तरात घालू नयेत. त्यांची प्रत्येक आवृत्ती कायम साठत जाते आणि दप्तर फुगते. गिटहब तर शंभर एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. कोजागिरीच्या कार्यक्रमाचे फोटो वेगळ्या जागी ठेवावेत.

जे विसरत नाही, त्यात काय घालू नये

आता सर्वांत महत्त्वाचे. दप्तर काही विसरत नाही, हा त्याचा गुण आहे. वेब सर्व्हरवर ठेवले की तोच धोका होतो.

समजा सभासदांची यादी पत्ते आणि मोबाइल क्रमांकांसह दप्तरात गेली. आठवड्याने कुणाच्या लक्षात आले आणि यादी काढून टाकली. ताज्या आवृत्तीत ती दिसणार नाही, पण इतिहासात ती जशीच्या तशी आहे. दप्तर उतरवून घेणारा दोन आज्ञांत ती परत काढेल. इतिहासातून फाइल समूळ काढणारी साधने आहेत, पण त्याआधी ज्यांनी दप्तर उतरवून घेतले त्यांच्या प्रतींवर आपला अधिकार चालत नाही. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असण्याची ही दुसरी बाजू.

वधू-वर सूचीचा विचार करा. जन्मतारीख, जन्मवेळ, उत्पन्न, कुठे घटस्फोटाचा उल्लेख, कुठे आजाराचा. आपल्या मुलीची माहिती मंडळाकडे देणाऱ्या आईवडिलांनी ती मंडळाला दिलेली असते, जगाला नाही. लग्न ठरले, नाव काढा म्हणून त्यांनी सांगितले, तर ते नाव खरोखर निघाले पाहिजे. न विसरणाऱ्या दप्तरात हे वचन पाळता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख संमती घेण्यावर आणि काम संपल्यावर माहिती पुसण्यावर आहे. म्हणून सभासदांची वैयक्तिक माहिती, वधू-वर सूची, देणगीदारांचे पॅन क्रमांक, कोणताही पासवर्ड यांतले काहीही गिटमध्ये जाऊ नये. दप्तर खासगी असले तरी नाही. पासवर्ड चुकून गेलाच तर तो पुसत बसण्याऐवजी आधी बदलावा.

याच धोक्याचे एक रूप फार लोकांना माहीत नसते. अनेक ठिकाणी संकेतस्थळाच्या फाइली गिटच्या साहाय्याने थेट सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये उतरवतात. तसे केले की ‘डॉट गिट’ नावाचे फोल्डरही तिथेच येते. नाव टिंबाने सुरू होत असल्याने ते सहसा डोळ्यांना दिसत नाही, पण वेब सर्व्हर ते मागणाऱ्याला देऊ शकतो. संकेतस्थळ नीट चालत असते आणि मागच्या दाराने सगळा इतिहास बाहेर जात असतो. अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात.

याची तपासणी कुणालाही करता येते. ब्राउझरमध्ये आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ, मग टिंब जोडून गिट, पुन्हा तिरपी रेघ आणि मोठ्या लिपीत ‘हेड’, असे इंग्रजीत लिहावे. ‘सापडले नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले तर ठीक. पण ‘रेफ’ आणि दोन टिंबे यांनी सुरू होणारी एखादी ओळ पडद्यावर आली किंवा छोटी फाइल उतरली, तर दार उघडे आहे. उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. दप्तर सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर हलवावे, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या नावांना वेब सर्व्हरने नकार द्यावा असा नियम लावावा. प्रमाणपत्र तपासणीसाठी लागणारे एक फोल्डरही टिंबानेच सुरू होते, तेवढे नियमातून वगळावे.

किल्ल्या, प्रती आणि चार्ज

स्ट्राँगरूम एका माणसाच्या किल्लीने उघडत नाही. सर्व्हरचे तसेच असावे. डोमेनचे नाव, सर्व्हरचे खाते आणि दप्तराचे मुख्य अधिकार किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत. डोमेन एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेले नसावे, मंडळाच्या ईमेलवर असावे. कार्यकारिणी बदलताना आपण रोख, पावतीपुस्तके आणि कपाटाच्या किल्ल्यांचा चार्ज देतो. त्या चार्जच्या यादीत या गोष्टींची एक ओळ वाढवावी आणि जाणाऱ्यांचे प्रवेश त्याच दिवशी बंद करावेत.

प्रती तीन असाव्यात. एक सर्व्हरवर, एक चिटणिसांच्या संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर मंडळाच्या लॉकरमध्ये. गिटमुळे हे सोपे आहे, कारण प्रत म्हणजे पूर्ण इतिहास. मात्र प्रत आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी खुद्द गिटलॅबमध्ये एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला आणि नेमक्या वेळी बॅकअपच्या ठरवलेल्या पद्धती कामाला आल्या नाहीत. काही तासांच्या चर्चा, टिपणे आणि खाती गेली. गिटची दप्तरे मात्र वाचली, ती वेगळी साठवलेली होती. कंपनीने हे लपवले नाही, दुरुस्तीही जगासमोर केली. आपण घ्यायचा धडा असा की वर्षातून एकदा, लेखापरीक्षणाच्या सुमारास, पेन ड्राइव्हवरची प्रत नव्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड.

मंडळाने काय करावे

माझे मत थोडक्यात मांडतो. घटना, मान्य झालेली इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, स्मरणिकेचे लेख आणि संकेतस्थळाची पाने एवढ्यांसाठी एक दप्तर करावे. ते सध्याच्या सर्व्हरवर, सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवावे आणि दुसरी प्रत एखाद्या तयार सेवेवर खासगी स्वरूपात असावी. सुरुवातीला एसएसएचची वाट पुरेशी आहे. नोंद करण्याचा अधिकार चार-पाच जणांनाच असावा, मुख्य शाखेत मिळवण्याचा दोघांना. सभासदांची यादी आणि वधू-वर सूची यापासून कटाक्षाने दूर ठेवावी. तिच्यासाठी पासवर्डची साधी सोय असलेली, पुसता येणारी व्यवस्था हवी.

आणि हे सांभाळणारा एकच माणूस असेल तर सुरुवात करू नये. ज्याला फक्त एकजण उघडू शकतो असे दप्तर कपाटातल्या कागदांपेक्षा वाईट, कारण कपाट निदान फोडता तरी येते. आपल्या घरांत या कामाची माणसे आहेत. कुणाची सून सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत रोज हेच काम करते, कुणाचा नातू पुण्यात किंवा बंगळुरूत. त्यांना मंडळात यायला वेळ नसतो अशी आपली तक्रार असते. हे काम त्यांना घरी बसून, महिन्यातून दोन तास देऊन करता येईल. मांडणी त्यांनी करावी, मजकूर आणि ‘का’ हा रकाना आपण ज्येष्ठांनी भरावा.

पुढच्या कार्यकारिणी सभेत हा विषय ठेवण्याची विनंती मी चिटणिसांना करणार आहे. तोवर एक काम लगेच करण्यासारखे आहे. वर सांगितलेली टिंब-गिटची तपासणी आपल्या संकेतस्थळावर, आणि आपल्या मुलांनी किंवा व्यवसायासाठी कुणाकडून करवून घेतलेल्या संकेतस्थळांवरही करून पाहावी. दोन मिनिटे लागतात.

— एक सभासद, निवृत्त बँक अधिकारी, पलासिया